तुम्ही विचारलंत म्हणून: खेळण्यांसोबतची कॉमिक्स एवढी जपून का ठेवलीत?

कपाटातला तो पत्र्याचा डबा उघडला की प्रश्न ठरलेलाच, "अहो, खेळण्यासोबत फुकट यायची ना ही, जाहिरातच की, मग एवढी प्लॅस्टिकमध्ये घालून कशाला?" परवा भाचीनेही तेच विचारलं, तेव्हा म्हटलं आता एकदा नीट सांगूनच टाकू.

जाहिरात होतीच, त्यात वादच नाही. १९८४ साली अमेरिकेत केनर या खेळण्यांच्या कंपनीने डीसी या कॉमिक्स कंपनीच्या हिरोंच्या सुपर पॉवर्स नावाच्या फिगर्स, म्हणजे छोट्या बाहुल्या काढल्या आणि पॅकेटमध्ये फिगरसोबत एक छोटंसं कॉमिक टाकलं. सुपरमॅनचे पाय दोन बोटांत दाबले की त्याचा हात ठोसा मारतो, फ्लॅशचं उलटं, त्याचे हात दाबले की पाय पळायला लागतात. पोरांना हे जाम आवडतं, पण नुसतं दाबून दाबून किती दाबणार, दोन दिवसांत फिगर पलंगाखाली जाते. हा ठोसा कोणाला मारायचा आणि का, हे कॉमिक सांगतं, आणि मग खेळ सुरू होतो.

तिकडे मॅटेल या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीने डीसीची प्रतिस्पर्धी असलेल्या मार्व्हलचे हिरो घेतले, त्यांना खेळण्यांच्या जोडीला मोठी कॉमिक सिरीज हवी होती. पोरांना "सिक्रेट" आणि "वॉर्स" हे शब्द आवडतात असं त्यांना पाहणीत कळलं होतं म्हणून नाव सिक्रेट वॉर्स, बारा अंक, लेखक जिम शूटर. नाव असं ठरलं हे ऐकून लोक नाक मुरडतात, पण स्पायडरमॅनला काळा ड्रेस कुठून मिळाला ते याच सिरीजच्या आठव्या अंकात आहे, आणि पुढचा व्हेनम हा खलनायक त्यातूनच आला.

पण माझं खरं कारण वेगळंय. जॅक कर्बी, कॉमिक्सचा चित्रकार. या माणसाने मार्व्हलमध्ये लेखक स्टॅन लीसोबत थॉर, हल्क, फँटास्टिक फोर उभे केले, १९७० मध्ये डीसीत येऊन डार्कसाइड हा खलनायक आणि त्याचं अख्खं जग काढलं, आणि हातात काय, तर पानामागे ठरलेले पैसे, पात्रं कंपनीची. ऐंशीच्या दशकात तर स्वतः काढलेली मूळ पानं परत मिळावीत म्हणून मार्व्हलशी भांडावं लागत होतं त्याला. अशात डीसीचा कारभार बघणाऱ्या जेनेट कान आणि पॉल लेविट्झ यांनी एक वाट काढली, डार्कसाइड आणि त्याच्या साथीदारांची खेळण्यांसाठीची डिझाइन्स कर्बीकडूनच नव्याने करून घ्यायची, म्हणजे नव्या कराराप्रमाणे त्याला रॉयल्टी देता येईल. आणि दिली. साठी उलटलेल्या माणसाला स्वतःच्या पात्रांचे असे पैसे मिळाले ते या खेळण्यांमुळे! १९८५ च्या बॅचमध्ये अकरा फिगर्स होत्या, त्यातल्या सहा त्याच्या. डार्कसाइड, कालिबाक, डिसाड, मँटिस, पॅराडीमन, स्टेपनवुल्फ, मला पाठ आहेत.

हे कळल्यावर मला "जाहिरातच की" हे ऐकवत नाही. जाहिरात असेल, पण कष्ट केलेल्या माणसाला त्याचं देणं मिळालं की नाही हेही बघायला नको का, आणि मोठमोठ्या गाजलेल्या कॉमिक्सनी जे केलं नाही ते या खेळण्यांच्या धंद्याने केलं.

आणि कर्बीनेही उरकून टाकलं नाही. सुपर पॉवर्सची दुकानात विकली जाणारी कॉमिक्सही होती, त्यातली १९८५ ची सहा अंकांची सिरीज त्याने स्वतः काढली, डीसीसाठीच्या त्याच्या अखेरच्या कामांपैकी एक. तेच जाड काळे फटकारे, तीच पानाबाहेर येणारी मूठ. खेळण्यांसाठी आहे म्हणून हात आखडता घेतलाय असं एका पानावर वाटत नाही.

१९८६ च्या तिसऱ्या बॅचमध्ये पॅकेटमधली कॉमिक्स बंद झाली आणि मग खेळणीही थांबली.

ते सहा अंक डब्यात तळाशी आहेत, छोट्या कॉमिक्सच्या खाली. भाचीला पहिला काढून दिलाय, आधी हात धुऊन ये म्हटलं. आता दुसरा मागतेय.