मानेतले चार स्क्रू

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. त्यामुळे अक्षर बिघडलंय हे आधी शेठजींनाच दिसलं. मग शर्टाची गुंडी लागेना. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि दोन पावलं पुढं गेल्यावर कळायचं. मिरजेच्या न्यूरोसर्जनांचा पहिलाच प्रश्न, "सलूनमध्ये मान कडकडा मोडून घेता का? घेत असाल तर आजपासून बंद." मान पुढं वाकवून आणि मागं टाकून एक्स-रे काढले. पहिला मणका दुसऱ्यावरून पुढं सरकत होता, आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जू तिथंच दाबला गेलेला.

दोन मणके स्क्रूनं जोडायचे, एवढंच मला कळलं होतं. पण खरी अडचण रक्तवाहिनीची. मेंदूकडे जाणारी धमनी मानेच्या दोन्ही अंगांनी मणक्यांच्या भोकांतून वर चढते आणि स्क्रू अगदी तिच्या शेजारून घालावा लागतो. म्हणून सीटी अँजिओ. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं: उजवीकडं दुसऱ्या मणक्यात हाड भरपूर, डावीकडं मात्र धमनी इतकी वर घुसलेली की तिच्यावर हाडाचा जेमतेम पापुद्रा. दुसऱ्या मणक्यातून थेट पहिल्यात जाणारा एकच लांब स्क्रू घालायची मॅगर्ल यांची पद्धत त्यामुळं बाद झाली. मग दोन्ही मणक्यांत वेगवेगळे स्क्रू घालून ते जोडायचे. मुंबईच्या केईएमच्या डॉ. अतुल गोयल यांनी 1994 साली असे स्क्रू प्लेटनं जोडायची पद्धत मांडली, 2001 मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी प्लेटऐवजी सळई आणली. माझ्या मानेत सळया आहेत. डावीकडचा खालचा स्क्रू आखूड, धमनीच्या अलीकडंच थांबणारा. पकड थोडी कमी, पण धोकाही कमी.

ऑपरेशन पालथं झोपवून, डोकं पिनांच्या क्लॅम्पमध्ये धरून झालं. मला त्यातलं काही आठवत नाही. नंतर मानेपेक्षा कंबर जास्त दुखली, कारण मणक्यांमध्ये भरायला हाड कमरेतून काढलं होतं. स्क्रू नुसते धरून ठेवतात, खरा सांधा हाड जुळल्यावर होतो. तोवर गळ्यात पट्टा. हाताची बोटं हळूहळू वळायला लागली. "जे गेलंय ते सगळं परत येईल असं नाही, पुढचं बिघडणं थांबवायचं होतं," हे त्यांनी सही घेण्याआधीच सांगितलं होतं. असं स्पष्ट बोलणारा डॉक्टर मला आवडतो.

डोक्याचा मागचा भाग मात्र बधिर आहे. वाट करून घेताना तिथली नस कापावी लागली. कंगवा फिरतो तो फक्त ऐकू येतो. आणि मान वळण्याचं जवळजवळ निम्मं काम याच दोन मणक्यांमध्ये होतं, तेवढं गेलं. यार्डात मागून ट्रकचा हॉर्न वाजला की मी अख्खा वळतो. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी मोठे आरसे बसवून घेतलेत.