संस्थेचं काम मोजायला बसलो तेव्हा

आमची संस्था बेरोजगार पोरांना ट्रेनिंग देऊन नोकरीला लावते. मागच्या वर्षी फंडिंगवाल्यांनी विचारलं की तुमच्या कामाने नक्की फरक काय पडतो ते दाखवा, आणि एक्सेल बरं येतं म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं.

पहिला आठवडा किती बॅच, किती पोरं, हजेरी, सर्टिफिकेटं यातच गेला. शीट बघून आमच्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "अहो, यात तुम्ही काय केलं तेच आहे, पोरांचं काय झालं ते कुठंय?" आउटपुट (आपण काय केलं) आणि आउटकम (त्याने पोरांचं काय झालं) हे दोन शब्द मी रिपोर्टात कितीदा लिहिले असतील, पण फरक खरा तेव्हा कळला.

मग फोन. आमच्याकडे 'नोकरी लागली' हा रकाना ऑफर लेटर आलं की लगेच 'हो' व्हायचा, पुढचं कोण बघतंय. सहा महिने झालेल्या पोरांना एकेक करून फोन लावत बसलो, बरेच नंबर बंद, आणि एक मुलगी म्हणाली, "सर, मी तीन दिवसच गेले हो, रात्रीची शिफ्ट होती." शीटवर ती अजून 'हो'च होती! बंद नंबरवाल्यांना वगळलं की टक्का मस्त दिसतो, यावर ऑफिसात दोन दिवस वाद झाला, शेवटी 'माहीत नाही' असा वेगळा रकाना केला. बेसलाइन तर नव्हतीच, म्हणजे ट्रेनिंगआधी कोण किती कमवत होतं याची नोंदच नाही, मग आमच्यामुळे झालं की एरवीही झालं असतं हे सांगणार कसं? आता फॉर्म भरतानाच विचारतो.

त्यात साहेबांनी हा नोकरी लागल्याचा टक्का ट्रेनरच्या इन्क्रिमेंटला जोडायचं काढलं. पुढच्या बॅचच्या निवडीला मी सहज जाऊन बसलो, तर अडखळत बोलणारा पोरगा बाहेर आणि ज्याला आमच्याशिवायही नोकरी लागली असती तो आत. अमेरिकेत १९८२ च्या जॉब ट्रेनिंग कायद्यावर हीच टीका झाली होती, तिकडे याला क्रीमिंग म्हणतात, वरची साय तेवढी काढून घ्यायची. हे साहेबांना दाखवलं तेव्हा इन्क्रिमेंटचं बारगळलं, आणि त्या पोराला परत बोलावलं.

नव्या रिपोर्टात टक्का बराच खाली आला. फंडिंगवाल्यांनी तो वाचून एकच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षी जास्त होता ना?"