तुम्ही विचारलंत म्हणून: जुना ट्रॅक्टर ठेवावा की काढावा?

ट्रॅक्टर पंचवीस-तीस वर्षांचा झालाय, धूर फेकतो, ऑइल खातो, मिस्त्री म्हणतो इंजिन बांधावं लागेल, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलावे लागतील. मग बांधावं, की काढून नवा घ्यावा? उन्हाळवाहीच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर दरवेळी एकच असतं. इंजिन पाहून ठरवू नका. थकलेलं इंजिन पुन्हा बांधता येतं आणि त्याचा खर्चही आधी काढता येतो. ट्रॅक्टर ठेवायचा की नाही हे क्लचच्या मागचा भाग, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सांगतो, आणि सुटा भाग किती दिवसांत हाती येतो ते सांगतं.

तरी सुरुवात इंजिनापासून करू, कारण धूर आधी तिथलाच दिसतो. रात्रभर थंड राहिलेला ट्रॅक्टर सकाळी सुरू करा. पांढरा धूर दोन-तीन मिनिटांत गेला तर चिंता नाही. काम करताना निळसर धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय. लोड पडल्यावर काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर तुंबलाय किंवा डिझेल फवारणारा नोझल-पंप बिघडलाय. काळ्या धुरासाठी इंजिन उघडायची गरज नसते. नोझल तपासून पंप टेस्ट बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) लावला की बहुतेक वेळा काम होतं. पुढे इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर तळहात धरा. ठोक्याठोक्याने जोरात वाफ येत असेल, हातावर ऑइलचे थेंब उडत असतील, तर पिस्टनच्या रिंग आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजलेत.

ही झीज बहुतेक धुळीची असते. मे महिन्यात काळ्या रानात रोटाव्हेटर चालतो तेव्हा ऑइल बाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ ऑइलमध्ये अडकवणारा) दिवसातून एकदा पाहावाच लागतो. त्याहून घातक असतो क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज. तो चिरला किंवा त्याचा क्लिप सैल झाला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि नवा लायनर-पिस्टन सेटही एका हंगामात जातो. म्हणून इंजिन बांधताना हा होज नवा टाका. साऱ्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे.

दुसरं कारण पाण्याचं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये टाकलं तर आत क्षार बसतात, वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची वाट) अरुंद होतं, आणि ओला लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारा, असेल तर त्याला बाहेरून खड्डे पडून शेवटी आरपार भोक पडतं. मग पाणी खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल दुधासारखं होतं. रेडिएटरमध्ये फिल्टरचं पाणी आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंटच टाका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ट्रॅक्टर तापतो म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची रीत आहे, ती चुकीची आहे. इंजिन योग्य तापमानाला न येता चालत राहतं, ऑइलमध्ये गाळ बनतो, लायनर लवकर झिजतो. तापण्याचं खरं कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कपाशी-सोयाबीनचा भुसा किंवा सैल फॅन बेल्ट असतो.

इंजिन खोलण्याआधी एक तपासणी करा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. एकाने क्लच पूर्ण दाबावा, दुसऱ्याने हात आणि कपडे लांब ठेवून बाजूने पुढच्या क्रँक पुलीकडे पाहावं. पुली पुढे सरकलेली दिसली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते वॉशर निखळून पडले की क्रँक थेट ब्लॉकला घासतो आणि ब्लॉकच जातो. खोलल्यावर मिस्त्रीला मायक्रोमीटरने क्रँक मोजायला सांगा. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) 10, 20, 30 थाउ (इंचाचा हजारावा भाग) अशा टप्प्यांनी घासता येतात. तुमच्या इंजिनात शेवटच्या टप्प्याची, म्हणजे 30 ची, बेअरिंगं आधीच बसली असतील तर क्रँक बदलावा लागेल, आणि तो खर्च पहिल्याच अंदाजात यायला हवा. फक्त रिंगा बदलून, लायनर तसाच ठेवून केलेलं काम एक-दोन हंगामच टिकतं. बांधायचं तर लायनर-पिस्टन सेट, मेन आणि कनेक्टिंग रॉड बेअरिंग, व्हॉल्व्ह गाइड, गॅस्केट, ऑइल पंप, नोझल हे सगळं एकाच वेळी करा. त्यानंतर पहिले 50 तास नांगर लावू नका आणि तासन्‌तास आयडलवरही उभा ठेवू नका. ट्रॉली, वखर अशी मध्यम कामं द्या, मग ऑइल, फिल्टर बदलून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावून घ्या.

आता क्लचच्या मागे चला. ट्रॅक्टर धुवून बेल हाउसिंग (क्लचवरचं कवच), गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या जोडांवर खालून टॉर्च मारा. जोडावर ऑइलचे ताजे ओघळ, सैल झालेले बोल्ट किंवा केसासारखी रेघ दिसली तर सावध व्हा. कपाशीची ट्रॉली उंच हूकला जोडून वर्षानुवर्षं जिनिंगला ओढली, पुढची चाकं उचलली गेली, की सगळा मार याच जोडांवर बसतो. ही हाउसिंगं बीडाची, म्हणजे कास्ट आयर्नची असतात. बीडाला निकेलच्या रॉडने, आधी नीट तापवून वेल्डिंग करता येतं, पण रोटाव्हेटरच्या थरथराटात ते मला भरवशाचं वाटत नाही. हाउसिंग तडकलं असेल आणि बदली हाउसिंग मिळत नसेल तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका.

तडा नसेल तर गिअर ऑइल एका स्वच्छ घमेल्यात काढा. मॅग्नेट प्लगवर राखाडी चिखलासारखा थर असणं चालतं. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर गिअर किंवा क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मुख्य गिअरजोडी) गेलंय. एकाच गिअरमध्ये आवाज येतो की सगळ्यांत, हेही ऐका. एकातच असेल तर त्या जोडीचं काम आहे. सगळ्यांत असेल तर बेअरिंग किंवा क्राउन-पिनियन, म्हणजे मोठं काम. चढावर गिअर आपोआप निसटत असेल तर तो ट्रॅक्टर ट्रॉलीला लावणं जिवावर बेतू शकतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे केजव्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून धानाच्या बांधीत चिखलणी करणाऱ्यांनी मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील आणि ब्रेक जरूर खोलून पाहावेत; सील गेलं की पाणी आत जातं आणि गिअर ऑइल ब्रेकवर येतं.

हायड्रॉलिकसाठी तासभर काम करून ऑइल गरम होऊ द्या, कल्टिव्हेटर पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि औजारापासून दूर उभे राहा. काही मिनिटांतच ते जमिनीवर टेकलं तर आतले ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. हे दुरुस्त होतं, त्यासाठी ट्रॅक्टर काढू नका.

जुन्या ट्रॅक्टरची एक उणीव इंजिन-गिअरबॉक्सवर कितीही पैसे घातले तरी जात नाही. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबताच पीटीओही (औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) थांबायला हवा, पण फिरणारा रोटाव्हेटर आपल्या वेगाने गिअरबॉक्सला फिरवत राहतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, हे फार धोक्याचं आहे. पीटीओ शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच (औजाराची फिरकी उलट ट्रॅक्टरकडे न जाऊ देणारा) बसवून घ्या, आणि शाफ्टवरचं कव्हर कधीच काढून ठेवू नका.

सुट्या भागांचं सांगायचं तर मॉडेलपेक्षा तुमच्या तालुक्याची बाजारपेठ पाहा. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला, तरी त्याचे बरेच भाग इतरांनी बनवलेले मिळतात. फक्त दर्जा पारखून घ्यावा लागतो. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, लिफ्ट पंप, वॉटर पंप, किंग पिनचे बुश या पाच वस्तूंची नावं लिहून अकोला, अमरावती किंवा नागपूरच्या दुकानात फोन करा. पाचही दोन दिवसांत मिळत असतील तर ट्रॅक्टर ठेवण्यासारखा आहे. दोन-दिवसांची अट यासाठी, की मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात वापसा (पेरणी-मशागतीजोगी ओल) येतो तो थोडेच दिवस टिकतो. गेल्या तीन खरिपांत जून-जुलैचे किती दिवस ट्रॅक्टर उभा होता ते मोजा. दुरुस्तीच्या बिलांपेक्षा तो आकडा जास्त खरा असतो.

नव्याचा हिशोब तासांवर करा. समजा 6 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 7 वर्षं, सहामाही हप्ते. हप्ता साधारण 60,600 रुपये, म्हणजे वर्षाला 1,21,000 च्या वर. ट्रॅक्टर वर्षाला 300 तास चालत असेल तर डिझेल टाकण्याआधीच तासाला 400 रुपये जातात. भाड्याची कामं धरून 800 तास चालला तर हेच 150 च्या आसपास येतं. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, पण मागच्या टायरवरचाही 18 वरून 5 झाला. म्हणजे जुना सांभाळणंही स्वस्त झालंय. म्हणून दहा-पंधरा एकरांच्या कास्तकाराला मी बहुतेक वेळा तिसरी वाट सांगतो. वखरणी, फवारणी, ट्रॉली जुन्यावर ठेवा. उन्हाळ्यातली खोल नांगरट आणि पऱ्हाटीचं (कपाशीच्या काड्यांचं) श्रेडिंग भाड्याने मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घ्या. भाड्याची कामं भरपूर असतील तर मात्र नवा घ्या, आणि अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर) पूर्वसंमती येईपर्यंत खरेदीची पावती करू नका.

ठेवायचा ठरला तर आरसी (नोंदणीचं पुस्तक) पाहा. पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ट्रॉलीचे कागद वेगळे. विकायचा ठरला तर आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे का ते आधी बघा. कर्ज फिटून वर्षं झाली तरी तो तसाच राहिलेला असतो. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवा, मग मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही करून 14 दिवसांत आरटीओला कळवा. कोऱ्या फॉर्मवर सही करून ट्रॅक्टर देऊन टाकू नका. नाव चढेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येते.