खडकीचा धनराज

हॉकीपटू धनराज पिल्ले यांचा जन्म १९६८ साली पुण्याजवळच्या खडकीत, एका तमिळ कुटुंबात झाला. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करत. घरात नवी स्टिक परवडत नसल्याने मोडक्या स्टिका दोरीने करकचून बांधून भावंडे खेळत.

१९९२ ते २००४ या काळात ते सलग चार ऑलिंपिक खेळले. चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धांतही ते खेळले. तरीही ऑलिंपिक पदक त्यांना मिळाले नाही, आणि मला सिडनीचा तो सामना अजूनही सलतो. २००० साली पोलंडविरुद्ध १-० अशी आघाडी असताना, म्हणजे उपांत्य फेरी अगदी हाताशी आलेली असताना, शेवटच्या दोनेक मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली आणि सारे हातचे गेले.

त्याआधी १९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला टायब्रेकरवर हरवून तब्बल ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले होते. त्यानंतर लगेचच कर्णधारासह काही प्रमुख खेळाडूंना संघाबाहेर बसवण्यात आले. (विजयाचे असे बक्षीस आपल्याकडेच मिळू जाणे!) ते फटकळ होते, मैदानावर पटकन भडकत, हे खरेच, पण मोकळे केस उडवत उजव्या बगलेने त्यांनी मुसंडी मारली की बचावपटूंची त्रेधा उडे. अथेन्सला, वयाच्या ३६व्या वर्षी, ते अखेरचे ऑलिंपिक खेळले आणि भारत सातवा आला.