अण्णांच्या ताटातली भाकरी

मधुमेह निघाला की आमच्या सोलापूरकडं पहिला सल्ला ठरलेला: पोळी सोडा, भाकरी खा. अण्णांनी पोळी कधी धरलीच नव्हती. मंगळवेढ्याच्या शाळूवर वाढलेला माणूस, दोन्ही वेळेला भाकरीच. तरी जेवणानंतरची साखर उतरेना. "भाकरीनं कुठं साखर वाढती व्हय?" असं ते विचारायचे. हेच मला चुलते विचारतात, शेजारच्या काकूही.

वाढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत, गव्हाच्या पिठात 64. तंतूही दोन्हींत 10-11 ग्रॅमच. पांढऱ्या तांदळात मात्र जेमतेम 3, म्हणून भातापेक्षा भाकरी केव्हाही बरी. पण किती?

मी परातीशेजारी वजनकाटा ठेवला. आईच्या एका भाकरीचं पीठ भरलं 80 ग्रॅम, म्हणजे 54 ग्रॅम कर्बोदकं. अण्णा अशा तीन खायचे, आणि सोबत शेंगाचटणी, कांदा, आमटीचं वरचं पाणी.

आता भाकरी दीड. आधी वाटीभर मोडाच्या मटकीची घट्ट उसळ आणि मेथी नाहीतर चुक्याची भाजी, भाकरी मागाहून. प्रथिनं आणि तंतू आधी पोटात गेले की पुढची कर्बोदकं रक्तात सावकाश उतरतात. शेंगाचटणीला मी हात लावला नाही, ती हवीच. पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर 230 च्या आसपास दिसायचं, हल्ली 165-170 दिसतं.

एकादशीच्या साबुदाण्यावर मात्र मी अडून बसले. कोरड्या साबुदाण्यात 100 ग्रॅमला 88 ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळपास शून्य! आई अजून रुसलेली आहे. ताक, भाजलेले शेंगदाणे आणि थोडी राजगिऱ्याची भाकरी यावर अण्णांचा उपवास नीट पार पडतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी एकाएकी कमी करू नका. साखर खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. तसं झालंच आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अण्णांच्या डॉक्टरांनी आधी रात्रीची गोळी अर्धी केली, मगच आम्ही दीड भाकरीवर आलो.