आजीच्या भरतकामाची उलटी बाजू

आजीने भरतकाम केलेली चादर कोणाला दाखवायची असली, की मी ती आधी उलटी करते. सुलट बाजूवर फुलापानांची नक्षी दिसते, पण आजीचा हात दिसतो तो मागे: दोरा कुठे संपला, नवा कुठे जोडला, एका पाकळीवरून दुसरीकडे तो किती काटकसरीने नेला, हे सारे तिथे उमगते. एका कोपऱ्यात हिरव्या रंगाची छटा किंचित बदलते. बहुधा तो दोरा संपल्यावर हुबेहूब तसा मिळाला नसावा. संपूर्ण चादरीत मला तीच जागा सर्वांत प्रिय आहे.

आजोबांनी केलेली लाकडी पेटी वरून गुळगुळीत आहे, मात्र तळाखालून हात फिरवला की रंध्याचे हलके चढउतार बोटांना जाणवतात. दमट हवेत लाकूड फुगून झाकण घट्ट बसते. ते तासून घ्यावे, असे अनेकांनी सुचवले, पण मी ते मानले नाही, कारण हवा कोरडी झाली की झाकण पुन्हा मोकळे होते.

चादर त्याच पेटीत ठेवावी, असे कोणालाही वाटेल. परंतु लाकडातून सूक्ष्म प्रमाणात आम्लाच्या वाफा निघत असतात आणि लाकडाला थेट टेकलेले सुती कापड कालांतराने पिवळे पडून ठिसूळ होते, म्हणून मी हा मोह आवरला. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी धरण्याची भीती असते, तर उन्हाने एकदा उडालेला रंग कशानेही परत येत नाही. त्यामुळे चादर धुतलेल्या मलमलीत सैलसर गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवते. घडी घालावीच लागली, तर दर वेळी जागा बदलते, कारण एकाच घडीवर धागे तुटू लागतात. लोकरीच्या विणकामाला कसर लागते, तेव्हा भोके पाडतात त्या अळ्या. म्हणून असे कपडे अधूनमधून उलगडून झटकणे फार गरजेचे असते.

दोन्ही वस्तूंसोबत मी एकेक चिठ्ठी ठेवली आहे: वस्तू कोणी केली, कोणासाठी केली आणि नंतर कोणी, कुठे दुरुस्त केली. चादरीची उसवलेली कड शिवताना मी मुद्दाम सहज काढता येतील असे टाके घातले आणि तेही चिठ्ठीत नोंदवले, म्हणजे पुढे घरात माझ्याहून कुशल हाताचे कोणी निघाले, तर मूळ कापडाला धक्का न लावता त्याला ते काम नव्याने करता येईल.