आत्याची वही आणि पंढरीची वाट

आत्या गेली, त्यानंतरच्या आषाढीला मी आळंदीहून पायी निघाले. पिशवीत रेनकोट होता, पायांना लावायला कैलासजीवन होते आणि तिने लिहिलेली वंशावळीची दोनशेपानी वही होती. घराण्याचा इतिहास शोधण्याचा नाद आमच्या घरात आम्हा दोघींनाच होता. बाकीच्यांच्या लेखी आम्ही मेलेल्या माणसांची खानेसुमारी करत होतो.

आत्याचा राग एका गोष्टीवर होता. आमच्या जुन्या वंशावळीत मुलगे सात पिढ्या ओळीने मांडलेले, आणि मुलींची नावेच नाहीत. सुनांची आहेत ती लग्नात तांदळाच्या ताटात लिहून बदललेली. निवृत्तीनंतर ती मोडी शिकली ती एवढ्याचसाठी. जुने कागद वाचताना ती कुरकुरे, कारण मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि लिहिणाऱ्याचा हात वेगाने चालला असेल तर एका नावाची दोन नावे वाचता येतात. गावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी शोधताना तिला तीन मुली सापडल्या, ज्यांच्याविषयी घरात कोणीही कधी बोलले नव्हते. त्या तिघींना तिने वहीत हिरव्या शाईने घेतले.

तिने स्वतः पाच वाऱ्या केल्या होत्या. दिंडीत बाई बाईला पहिल्या तासाभरात माहेर विचारते, हे तिच्या कामाचे होते. दिवे घाटात मलाही तोच अनुभव आला. चढावर तुळस डोक्यावर घेतलेल्या एका आजीबाईंनी, मला धाप लागलेली असतानाच, "माऊली, माहेर कुठलं?" असे विचारले, आणि मी गाव सांगताच त्यांनी त्या गावात दिलेल्या आपल्या चुलत नणदेपासून सुरुवात केली. सासवड येईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला बसून चार नावे टिपली होती. त्यांतले एकही आमच्या घराण्यातले नव्हते, पण आत्या असती तर तिनेही ती टिपलीच असती.

नीरेच्या पात्रात माऊलींच्या पादुकांना स्नान झाले, चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण पाहिले. त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. माझे लक्ष, खरे सांगायचे तर, अंगठ्याच्या फोडाकडे आणि पंढरपूरकडे होते.

पंढरपुरात तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की त्या गावची वही काढली जाते, कारण आपल्या घरचा जो कोणी आला, त्याने आपले आणि बरोबरच्यांचे नाव तेथे लिहून ठेवलेले असते. आमच्या उपाध्यांनी कापडात बांधलेली लांबट वही सोडली. शके १८३३ च्या, म्हणजे १९११ च्या आषाढातील एका मोडी नोंदीत माझ्या खापरपणजोबांचे नाव होते आणि पुढे "बराबर मातुश्री व बहिण" असे लिहून दोन नावे दिली होती. मातुश्रींचे नाव नीट लागले. बहिणीच्या नावावर शाई फुटली होती. पहिले अक्षर 'का' की 'फा', यावर उपाध्ये आणि मी बराच वेळ वाकून बसलो. आत्याच्या वहीत त्या पिढीला बहीण नव्हतीच. मी तिथे हिरव्या शाईने एक रेघ खाली ओढली आणि नावाची जागा रिकामी ठेवली.

मग उपाध्यांनी यंदाची नोंद लिहायला घेतली. मी माझे नाव सांगितले आणि त्यानंतर आत्याचे.

"सासरचं लिहू की माहेरचं?" त्यांनी विचारले.

मी दोन्ही सांगितली. ओळीत जागा पुरली नाही, म्हणून तिचे माहेरचे आडनाव त्यांनी पुढच्या ओळीवर नेले.